३८४ जणांना विचारलं, पण कोणत्या?

एमबीएच्या प्रकल्प अहवालांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘नमुन्याचा आकार ३८४ घेतला असल्याने निष्कर्ष ९५ टक्के विश्वासार्ह आहेत.’ विषय पिशवीतल्या दुधाचा असो, इलेक्ट्रिक स्कूटरचा असो की घरपोच किराण्याचा, आकडा तोच. तोंडी परीक्षेत विचारावं, की हे ३८४ लोक आणले कुठून? उत्तर येतं, ‘गूगल फॉर्म केला होता सर, ग्रुपवर टाकला.’ कोणत्या ग्रुपवर? कॉलेजच्या, सोसायटीच्या आणि मामेभावाच्या ऑफिसच्या. म्हणजे पुणे शहरातल्या दूध ग्राहकांबद्दलचा निष्कर्ष बाविशीतल्या मुलामुलींनी दिलेला असतो. त्यांच्यातल्या अर्ध्याअधिकांनी दुधाची पिशवी विकत घेतलेली नसते, घरी आलेली फक्त पाहिलेली असते.

यामागचा गैरसमज असा: पुरेसे प्रतिसाद जमले की नमुना आपोआप सगळ्यांचा प्रतिनिधी होतो. तो होत नाही. एवढं सांगून भागलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण हा समज विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. मार्गदर्शकही ‘अजून शंभर फॉर्म भरून आण’ असंच सांगतात आणि कंपन्यांच्या सादरीकरणांतही ‘दहा हजार ग्राहकांचं मत’ छाती फुगवून मांडलं जातं.

आधी ३८४ हा आकडा येतो कुठून ते पाहू. १९७० मध्ये क्रेजसी आणि मॉर्गन या दोन अमेरिकी संशोधकांनी ‘एज्युकेशनल अँड सायकॉलॉजिकल मेजरमेंट’ या नियतकालिकात एक तक्ता छापला. समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ते सगळे, १,००० ची असेल तर नमुना २७८ चा, १०,००० ची असेल तर ३७० चा, दहा लाखांची असेल तर ३८४ चा. त्यापुढे समष्टी कितीही वाढली तरी आकडा जवळजवळ हलत नाही. सूत्र साधं आहे: १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. याचा अर्थ एवढाच, की हो-नाही स्वरूपाच्या एका प्रश्नावर ९५ टक्के विश्वासपातळीला तुमची टक्केवारी खऱ्या टक्केवारीपासून अधिक-उणे ५ च्या आत राहील. या सगळ्याला एकच अट आहे: नमुना यादृच्छिक हवा. म्हणजे समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी हवी आणि ती किती, हे आपल्याला माहीत हवं. तक्त्याची झेरॉक्स पिढ्यान्‌पिढ्या फिरली. अट मात्र झेरॉक्सच्या बाहेर राहिली.

शितावरून भाताची परीक्षा होते हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. पातेलं चौघांचं असो की लग्नाचं, तपासायला शितं सारखीच लागतात, म्हणून तर तक्त्यातला आकडा ३८४ वर थांबतो. पण तळाला लागलेल्या भाताची खबर वरवरच्या मूठभर शितांतून मिळत नाही, मूठ कितीही मोठी घेतली तरी.

नमुन्यात दोन प्रकारच्या चुका असतात. एक योगायोगाची. आज हे शंभर जण हाती लागले, उद्या वेगळे लागले असते. ही चूक नमुना वाढवला की घटते, तीही कंजूषपणे: चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. दुसरी चूक पूर्वग्रहाची, म्हणजे एकाच बाजूला झुकलेल्या निवडीची. ती नमुना वाढवून तसूभरही घटत नाही. उलट मोठा नमुना तिला आत्मविश्वास देतो, आणि ते जास्त घातक.

पाठ्यपुस्तकांत याचं ठरलेलं उदाहरण आहे १९३६ चं. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि तेवीस-चोवीस लाख परत आल्या. त्यावरून भाकीत केलं की रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन ५७ टक्के मतं मिळवून जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना जवळजवळ ६१ टक्के मतं पडली आणि लँडनच्या वाट्याला मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं आली. जनमत पाहण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांचा नमुना पन्नास हजारांच्या आसपासचा होता, आणि त्यांनी विजेता बरोबर सांगितला.

इथवर सगळे शिकवतात. पुढे मात्र कारण सांगताना बहुतेक पुस्तकं ‘यादी टेलिफोन आणि मोटारवाल्यांची होती, म्हणजे श्रीमंतांची’ एवढं म्हणून थांबतात. हे अर्धंच खरं आहे. पेव्हरिल स्क्वायर यांनी १९८८ मध्ये ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’त १९३७ सालच्या गॅलप पाहणीच्या आधारे दाखवलं, की यादी कलती होतीच, पण ज्यांना मतपत्रिका मिळाली आणि ज्यांनी ती परत पाठवलीच नाही त्यांचा कल रूझवेल्टकडे होता. सगळ्यांनी उत्तर दिलं असतं तर त्याच कलत्या यादीतूनही साप्ताहिकाला निदान विजेता बरोबर सांगता आला असता. म्हणजे घात केला तो उत्तर न देणाऱ्यांनी. ग्राहक पाहणीत नेमका हाच भाग कुणी मोजत नाही. फॉर्म किती जणांपर्यंत पोचला, हे अहवालात क्वचितच सापडतं.

हे १९३६ चं झालं, आता संगणकाचं युग आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी ताजं उदाहरण. २०२१ मध्ये अमेरिकेत लस किती जणांनी घेतली याच्या पाहण्या चालू होत्या. फेसबुकवरून होणाऱ्या एका पाहणीला दर आठवड्याला अडीच लाखांच्या आसपास प्रतिसाद यायचे. सरकारकडे लसीकरणाची प्रत्यक्ष नोंद होती, त्यामुळे पडताळा घेणं सोपं होतं. मे महिन्यात या पाहणीचा अंदाज तब्बल १७ टक्केबिंदूंनी जास्त निघाला. त्याच काळात ॲक्सिओस-इप्सॉसची हजारेक जणांची, पद्धतशीर निवडलेली पाहणी वस्तुस्थितीच्या जवळ राहिली. हा ताळेबंद त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. अडीच लाखांपुढे हजार जिंकले, कारण ते हजार जण पद्धतीने निवडले होते.

‘नेचर’मध्येच १९४६ साली आपल्याकडच्या एका माणसाने हाच मुद्दा शेतातून मांडला होता. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. पीक कापणीच्या पाहणीत शेताचा लहानसा तुकडा आखून त्यातलं धान्य तोलत आणि त्यावरून साऱ्या भागाचं उत्पन्न काढत. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न प्रत्यक्षाहून जास्त दिसतं. हद्दीवरची रोपं कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात, आणि तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने परीघ मोठा. असे तुकडे हजार घेतले तरी प्रत्येकात तीच चूक त्याच दिशेने होणार. लहान तुकड्यांच्या बाजूला खुद्द संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस होते, त्यामुळे हा वाद चांगलाच गाजला. मार्केटिंगच्या वर्गात कोटलरचं पाठ्यपुस्तक जरूर शिकवा, पण सोबत सुखात्म्यांना अर्धा तास द्यायला हरकत नसावी.

आणि माणसं नीट निवडूनही प्रश्नच चुकला तर? १९८५ मध्ये कोका-कोला कंपनीने नव्या चवीसाठी जवळजवळ दोन लाख ग्राहकांच्या चाचण्या घेतल्या. नवी चव लोकांना जास्त आवडली. २३ एप्रिलला नवं कोक आलं, जुनं बंद झालं, आणि संतापाची अशी लाट उसळली की ७९ दिवसांत जुनं परत आणावं लागलं. चाचण्यांनी चव मोजली होती. नेहमीची वस्तू हिरावली गेली तर काय वाटेल, हे घोटभर पेयातून मोजता येत नव्हतं.

मग विद्यार्थ्याने करायचं काय? त्याच्याकडे ना पैसा ना वेळ, हे मान्य. तरी दुकानदाराकडे नेहमीच्या ग्राहकांची यादी असते, तिच्यातून चिठ्ठ्या टाकून शंभर जण निवडा आणि न भेटलेल्यांकडे पुन्हा पुन्हा जा. शंभर जणांचा यादृच्छिक नमुना अधिक-उणे १० देतो. आकडा मोठा दिसतो, पण ते १० खरे असतात. ग्रुपवरच्या ३८४ चे ५ कागदावरचे. फॉर्मच पाठवायचा असेल तर लगेच उत्तर देणारे आणि दोनदा आठवण केल्यावर देणारे यांची उत्तरं वेगळी काढून ताडून पाहा. आर्मस्ट्राँग आणि ओव्हरटन यांनी १९७७ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च’मध्ये मांडलेला हा मार्ग आहे. उशिरा उत्तर देणारे हे उत्तर न देणाऱ्यांच्या जास्त जवळचे असतात, असं त्यात गृहीत आहे. पक्का पुरावा नव्हे, पण दोन गटांत मोठी तफावत दिसली तर सावध व्हायला पुरेसं.

‘वेटेज देऊन सगळं दुरुस्त होतं’ हा याच घराण्यातला दुसरा समज. तुमच्या नमुन्यात पंचविशीच्या आतले ७० टक्के आणि खऱ्या ग्राहकांत २० टक्के असतील, तर भार देऊन वयाचं प्रमाण जुळवता येतं. पण साठीपुढचे जे तिघे गूगल फॉर्म भरतात, ते फॉर्म न उघडणाऱ्या साठीपुढच्यांसारखे असतीलच असं नाही. तिघांना तीसपट भार दिला की तीच तिघांची मतं तीसपट मोठ्याने ऐकू येतात, इतकंच.

३८४ बद्दल शेवटचं. हे ३८४ पूर्ण नमुन्याचे आहेत. सहा शहरांत वाटले की प्रत्येकी ६४, आणि ६४ वर चूक अधिक-उणे १२. ‘नाशिकमध्ये ४८ टक्के, कोल्हापुरात ५५ टक्के, सबब कोल्हापूरकर ब्रँडशी अधिक निष्ठावान’ असल्या वाक्यांना काही अर्थ नाही.

आता विश्लेषणाकडे. तिथले गैरसमज लहान नाहीत, पण थोडक्यात निकाली निघतात.

‘पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आलं, म्हणजे आपलं गृहीतक ९५ टक्के खरं.’ नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी-मूल्य सांगतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये यावर स्वतंत्र निवेदन काढावं लागलं. गृहीतक खरं असण्याची संभाव्यता पी-मूल्य मोजत नाही आणि परिणाम किती मोठा किंवा महत्त्वाचा हेही सांगत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. हिशेब करून पाहा: दोन शाखांत प्रत्येकी २०,००० ग्राहक, समाधानाची सरासरी एकीकडे ४.१२, दुसरीकडे ४.१५, प्रमाण विचलन १. पी-मूल्य ०.००३ च्या आसपास येतं. फरक सांख्यिकीच्या भाषेत सार्थ, पण या ०.०३ साठी कुठला व्यवस्थापक दुकानाची मांडणी बदलेल?

‘सगळं सगळ्याशी ताडून पाहिलं की काहीतरी सापडतंच.’ सापडतं ना! लिंग, वय, शिक्षण, उत्पन्न या चारांशी दहा प्रश्न लावले की ४० कोष्टकं होतात. कशातच काही संबंध नसला तरी ५ टक्क्यांच्या पातळीवर सरासरी दोन कोष्टकं सार्थ निघणार. अहवालात मग नेमकी तीच दोन छापली जातात, आणि उरलेल्या ३८ चा कुठे उल्लेखही नसतो.

काय-वर्ग चाचणीत प्रत्येक चौकटीत पाच हवेत, हे खरं. पण ते अपेक्षित वारंवारतेचे, प्रत्यक्ष मोजलेले नव्हेत. क्रॉनबॅकचा अल्फा ०.७ च्या वर गेला म्हणजे प्रश्नावली योग्य गोष्ट मोजते असं ठरत नाही. प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत इतकंच कळतं, आणि एकच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारला तरी अल्फा वाढतो. पाच बिंदूंच्या मोजपट्टीची सरासरी काढणं हा गुन्हा नाही, पण अर्ध्यांनी १ आणि अर्ध्यांनी ५ दिले तरी सरासरी ३ येते आणि सगळ्यांनी ३ दिले तरी ३ च. तेव्हा वाटप दाखवा. ‘नमुन्यात ३० झाले की पुरे’ हा अंगठेनियम पाठ्यपुस्तकातल्या सोयीचा आहे, कायदा नव्हे.

नेट प्रमोटर स्कोअरवर, म्हणजे आपली शिफारस करणारे ग्राहक (प्रमोटर) आणि नाराज ग्राहक (डिट्रॅक्टर) यांच्या टक्क्यांतल्या फरकावर, सध्या कंपन्यांचा फार जीव. फ्रेडरिक रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त तो मांडला, वाढीसाठी हा एकच आकडा पुरे असा दावा करून. २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मधल्या अभ्यासात या दाव्याला पुष्टी मिळाली नाही. पण त्याआधीही साधी गोष्ट आहे: १०० ग्राहकांत ४० प्रमोटर आणि ३० डिट्रॅक्टर असले तर स्कोअर १० येतो, अधिक-उणे १६. तो पुढच्या तिमाहीत १७ झाला म्हणून पेढे वाटू नयेत.

अहवाल लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की संशोधन पद्धतीच्या प्रकरणात चार गोष्टी आकड्यांसह लिहा: यादी कुठली होती, किती जणांना विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं आणि कोण सुटलं. नमुना सोयीचा असेल तर तसं उघड म्हणा, आणि ‘पुण्यातील ग्राहक’ खोडून ‘आम्ही विचारलेले ग्राहक’ लिहा. यावरून कुणी परीक्षक गुण कापू लागला, तर त्याला स्क्वायर यांचा निबंध वाचायला द्या.