वाफेचा विळखा (भाग ६) : उसनी तरतरी

नियमित व्हेप ओढणाऱ्याला कारण विचारलं तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं : 'जरा फ्रेश वाटतं.' तोच माणूस थोड्या वेळाने सांगतो की सकाळी अंथरुणातून उठवत नाही, दुपारी डोळे मिटायला लागतात आणि कशात लक्ष लागत नाही. तो दोन्ही वेळा खरंच बोलत असतो. मागच्या भागात पॉडमधलं द्रव कशाकशाचं बनतं ते पाहिलं. आता त्यातलं निकोटिन माणसाच्या दिवसाचं आणि रात्रीचं काय करतं ते पाहू.

झुरका घेतल्यापासून निकोटिन मेंदूत पोचायला दहा ते वीस सेकंद लागतात. तिथे ते अ‍ॅसिटिलकोलिन या शरीरातल्याच रसायनासाठी असलेल्या ग्राहींवर जाऊन बसतं आणि डोपामिन सुटतं. तिकडे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, डोकं लख्ख होतं. तेव्हा वाटणारी तरतरी हा मनाचा खेळ नाही, ती शरीरात घडते. मात्र तिच्यामागे अन्न नसतं आणि विश्रांतीही नसते. असलेलीच ताकद घाईने वापरायला काढलेली असते.

पुढचा हिशेब रक्तात चालतो. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं. रोजच्या माऱ्याने ग्राही बधिर होतात, म्हणून मेंदू त्यांची संख्या वाढवतो. मग निकोटिन उतरू लागलं की हे वाढलेले ग्राही रिकामे पडतात आणि माणसाला मरगळ येते, चिडचिड होते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. पुढचा झुरका ही अवस्था घालवतो आणि ओढणाऱ्याला वाटतं, व्हेपमुळे ताकद आली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँडी पॅरट यांनी १९९९ मध्ये सिगारेट आणि ताण यांबद्दल हेच मांडलं होतं : सिगारेटने मिळणारा दिलासा बहुतांशी निकोटिनच्याच टंचाईतून सुटल्याचा असतो, आणि ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा एकंदरीत जास्तच ताणात असतात.

महाराष्ट्राला हे चक्र अनोळखी नाही. पहाटे दातांना मिश्री लावल्याशिवाय हातपाय हलत नाहीत, डोकं जड राहतं, असं सांगणाऱ्या बायका गावोगावी आहेत. रात्रभर निकोटिन न मिळाल्याने आलेलं जडपण त्याच निकोटिनने उतरवायचं, एवढाच त्या सकाळच्या मिश्रीचा अर्थ. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. उशाशी ठेवलेला व्हेप डोळे उघडताच तोंडाला लावणारा महाविद्यालयीन मुलगा स्वतःला या बायकांपेक्षा फार वेगळा समजतो. त्याचा मेंदू तसा भेद करत नाही.

एक फरक मात्र आहे, आणि तो व्हेपच्या बाजूने नाही. सिगारेट जळून संपते, व्हेपला तसा ठरलेला शेवट नसतो. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या ज्यूल या ई-सिगारेटने निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचे क्षार वापरले. त्यामुळे घशाला खवखव न होता भरपूर निकोटिन आत जाऊ लागलं. तिच्या पाच टक्क्यांच्या एका छोट्या पॉडमध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम निकोटिन असे. युरोपीय संघात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ज्यूलचं अमेरिकेतलं द्रव तिच्या जवळपास तिप्पट तीव्र होतं. धूर नाही, राख नाही, घरभर वासही नाही. म्हणून वर्गात, कामाच्या टेबलाशी आणि पांघरुणातही झुरके चालू राहतात.

थकव्याचं एक मोठं कारण या पांघरुणातच आहे. निकोटिनने झोप उशिरा लागते, मधेमधे मोडते आणि स्वप्नांच्या झोपेचा वाटा घटतो. अमेरिकेतल्या ७८५ कृष्णवर्णीय प्रौढांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधीच्या चार तासांत निकोटिन घेतलेल्या रात्री त्यांची झोप अधिक तुटक आढळली. ज्यांना आधीच निद्रानाश होता, त्यांची झोप सरासरी ४२ मिनिटांनी कमी भरली. रोजची पाऊण तास झोप गेली तर आठवड्याअखेरीस अंगात त्राण कुठून राहणार? त्यात निकोटिन रात्रीतही उतरत असतं आणि तलफ झोपेतून उठवू शकते. ई-सिगारेटच्या व्यसनाची खोली मोजण्यासाठी पेन स्टेट विद्यापीठाने जी प्रश्नावली केली, तिच्यात 'रात्री व्हेपसाठी जाग येते का?' हा प्रश्न म्हणूनच आहे.

चहा-कॉफीचीही यात एक गुंतागुंत आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन जास्त वेगाने निकालात काढतं. व्हेपमध्ये जळणारा तंबाखू नसतो, त्यामुळे सिगारेट सोडून व्हेपवर आलेल्या माणसाच्या रक्तात तेवढ्याच कॉफीचं कॅफीन अधिक वेळ रेंगाळतं. त्याने संध्याकाळचे कप पूर्वीइतकेच ठेवले तर झोप आणखी बिघडते.

सिगारेट सुटायला व्हेपची मदत होते, हे नाकारून चालणार नाही. ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर ई-सिगारेटच्या गटातले १८ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते. निकोटिनचे पॅच, च्युइंगम वगैरे वापरणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होतं. पण ई-सिगारेटच्या गटातल्या या यशस्वी लोकांपैकी ८० टक्के तेव्हाही व्हेप ओढत होते. धूर गेला, ही मोठीच गोष्ट. निकोटिनचा चढउतार मात्र त्यांच्या अंगात चालूच राहिला. आणि ज्यांनी कधी सिगारेटला हातच लावला नव्हता, त्या मुलांच्या पदरात तर या व्यवहारातून फक्त चढउतार पडतो.

सोडल्यावर लगेच हलकं वाटेल, असं आश्वासन कोणी देऊ नये. पहिल्या दिवसातच त्रास सुरू होतो, दोन-तीन दिवसांत तो कळसाला जातो आणि पुढे दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. या काळात झोप आणखी बिघडते, थकवा वाढल्यासारखा वाटतो आणि नेमके इथेच बहुतेक जण 'मला व्हेप लागतोच' असं ठरवून मागे फिरतात. हा निष्कर्ष चुकीच्या वेळी काढलेला असतो. धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यात सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण हे न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झालेले दिसले.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री आणि जाहिरात बंद आहे. चोरवाटेने येणाऱ्या पॉडवर लिहिलेलं निकोटिनचं प्रमाण खरं की खोटं, हे त्यामुळे कोणी तपासत नाही. बंदी आहे म्हणून मुलं ही सवय घरी आणि दवाखान्यातही लपवतात. मग थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, जीवनसत्त्वं सगळं तपासून होतं आणि मूळ प्रश्न विचारायचाच राहतो. डॉक्टरांनी तो न रागावता विचारावा, मुलांनी खरं उत्तर द्यावं. थकव्यासोबत धाप, छातीत दुखणं किंवा ताप असेल तर एक दिवसही थांबू नये. आणि सोडायची तयारी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे.