हाडात उतरलेली भाकरी

बाजरीची भाकरी खाऊन वाढलेला माणूस आणि भात खाऊन वाढलेला माणूस, दोघांची हाडं शेजारीशेजारी मांडली तर डोळ्यांना काही फरक दिसणार नाही. पण त्यातलं चिमूटभर हाड योग्य यंत्रात गेलं, की भाकरीवाला कोण आणि भातवाला कोण हे कळतं. माणूस मरून हजारो वर्षं झाली असली तरी!

याचं कारण हवेत आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनचे जवळपास सगळे अणू १२ वजनाचे असतात. शंभरातला साधारण एक मात्र १३चा, किंचित जड. भात, गहू, तूर, हरभरा ही पिकं हा जड कार्बन बऱ्यापैकी टाळतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची अन्न बनवायची तऱ्हा निराळी. कडक उन्हात आणि कमी पाण्यात तगणाऱ्या या गवतांना तेवढे चोचले नसतात, ती जड कार्बनही घेतात. तो दाण्यातून पिठात, पिठातून भाकरीत आणि भाकरीतून हाडात उतरतो. १९७७ साली फोगेल आणि व्हॅन डर मर्व्ह या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या प्राचीन सांगाड्यांवरून तिथल्या लोकांच्या जेवणात मका कधी शिरला हे याच वाटेनं शोधून काढलं.

आता हे ज्ञान खेड तालुक्यातल्या कुरुळीला आणू. पुणे-नाशिक रस्त्यावर, मोशी आणि चाकणच्या मधोमध हे गाव. आजूबाजूला कारखाने आणि गोदामं, भाड्याच्या खोल्यांतून तीन पाळ्यांत झोपणारी पोरं. कोणी लातूर-बीडकडचा, कोणी विदर्भातला, कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा. समजा, अशा पट्ट्यात पायासाठी खोदताना जेसीबीच्या दातांना सांगाडा लागला. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतील, पंचनामा होईल, हाडं डॉक्टरांकडे जातील. मग ठरलेले प्रश्न येतात. हाड माणसाचंच ना? एकाचं की दोघांचं? बाई की पुरुष? वय किती, उंची किती?

यातलं बरंचसं नुसत्या नजरेनं आणि मोजपट्टीनं उरकतं. बाई की पुरुष हे कमरेच्या हाडांवरून सगळ्यात भरवशानं सांगता येतं, कारण बाळंतपणासाठी बाईची कंबर आतून रुंद घडलेली असते. वयासाठी कॉलरबोनचं छातीकडचं टोक बघतात. ते सगळ्यांत उशिरा, पंचविशीच्या आगेमागे पूर्ण जुळतं. उंचीसाठी मांडीचं हाड मोजून सूत्रात घालतात, आणि इथं जपून राहावं लागतं. जगभर वापरली जाणारी ट्रॉटर आणि ग्लेसर यांची १९५२ची सूत्रं दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हाडांवर बेतलेली आहेत. दरभंग्याच्या पोराची उंची त्यात बसेलच असं नाही.

एवढं करून हाती काय लागतं? ‘पुरुष, तीस ते चाळीस, साडेपाच फुटांच्या आसपास.’ असे पुरुष या पट्ट्यात हजारांनी सापडतील. हा होता कुठला, हे कळलं तर पुढं सरकता येईल. ते दात सांगतात.

दाताचं एनॅमल सारवणासारखं थरावर थर चढत तयार होतं, पण एकदा झालं की कायमचं. पुढं शरीर त्याला हात लावत नाही. दुधाचे दात तर आईच्या पोटातच घडायला लागतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात एक ठळक रेघ दिसते. ती जन्माची रेघ. बाळ बाहेर आलं, शरीराला धक्का बसला, थर चढायचा क्षणभर अडखळला, त्याची ही खूण. पक्क्या दातांतली पहिली दाढ जन्मापासून तीनेक वर्षांचा हिशेब ठेवते, अक्कलदाढ शाळेच्या वयाचा. हाडं मात्र जन्मभर मोडत आणि घडत राहतात. बरगडी थोडक्या वर्षांत बदलते, मांडीचं हाड सावकाश, दहा-वीस वर्षं घेऊन. म्हणजे एकाच सांगाड्यातली दाढ बालपण सांगते, मांडी तरुणपण आणि बरगडी अलीकडची खानावळ.

या विद्येचं मोठं घर पुण्यातलंच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं ताम्रपाषाण युगातलं हे शेतकऱ्यांचं गाव. तिथले लोक मेलेल्या लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेला आणि पाय घोट्यापासून तोडलेले. भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असं पुष्कळदा सांगितलं जातं. असेलही. पण हाडांवर लिहिलंय ते एवढंच की पाय नाहीत. कारण आपण जोडलेलं आहे. एका माणसाला मात्र चार पायांच्या, कच्च्या मातीच्या फुगीर रांजणात बसवून पुरलं होतं, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा मुख्य असावा, हाही तर्कच, जरा अधिक पटणारा.

इनामगावच्या सांगाड्यांवर सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन दंत-मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर त्यांना बारीक खळगे दिसले. सुळ्यावर एनॅमल चढत असताना, म्हणजे जन्माच्या आगेमागे, त्या बाळाची आबाळ झाली होती याची ही निशाणी. नांगरापेक्षा गुरांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली त्या उत्तरकाळात बालपण कसं बदललं, हा प्रश्न त्यांनी या खळग्यांना विचारला. नखाएवढ्या दातातून तीन हजार वर्षांपूर्वीची एका बाळाची उपासमार वाचता यावी, याचं मला अजून नवल वाटतं.

कार्बन ताट सांगतो, तर गाव सांगतं स्ट्रॉन्शियम. हा धातू खडकातून मातीत, पिकात आणि कॅल्शियमची जागा चोरून दाताहाडांत शिरतो. त्याच्या ८७ आणि ८६ या दोन रूपांचं प्रमाण खडकागणिक बदलतं. कुरुळीखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात ८७चं प्रमाण कमी. गंगेच्या मैदानात हिमालयातल्या फार जुन्या खडकांचा गाळ पसरलेला, तिथं ते चांगलंच जास्त. तेव्हा दाढ गंगेकाठची आणि बरगडी दख्खनची निघाली, तर तो माणूस तिकडं जन्मला आणि इकडं राबायला आला, असं म्हणता येतं. मेख एवढीच की हल्ली रेशनचा गहू पंजाबातून येतो. मातीची सही पूर्वी जितकी स्वच्छ उमटायची तितकी आता उमटत नाही.

पुणेकर अभ्यासकांनी हात घातलेली सगळ्यात चक्रावणारी हाडं रूपकुंडची. उत्तराखंडात पाच हजार मीटरवरच्या या तळ्याकाठी १९४२ साली एका वनरक्षकाला शेकडो माणसांची हाडं दिसली. जपानी सैनिक, साथीचे बळी, हरवलेली फौज, काय काय तर्क झाले. २००४च्या मोहिमेत वाळिंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही कवट्यांवर वरून बसलेल्या, बोथट आणि गोलसर माराच्या खुणा आढळल्या. शस्त्राच्या नव्हेत. काळ निघाला इसवी सनाचं नववं शतक, आणि मोठाल्या गारांनी गाठलेले यात्रेकरू, हे उत्तर सगळ्यांना आवडलं. २०१९ साली ३८ जणांचा डीएनए वाचला गेला आणि ते उत्तर अपुरं ठरलं. २३ जण भारतीय उपखंडातले, तेही एका घाण्याचे नव्हेत आणि एका दिवशी मेलेलेही नव्हेत. एक आग्नेय आशियाई. उरलेले १४ भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे, आजच्या ग्रीस आणि क्रीटच्या लोकांना जवळचे, आणि ते मेले जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी. जेवणही जुळलं. भारतीयांपैकी काहींच्या हाडांत बाजरी-नाचणीसारख्या धान्यांचा जड कार्बन भरपूर, या चौदांच्या हाडांत जवळजवळ नाही. हे लोक हिमालयात कशाला आले, याचा कागद मात्र कुठंच सापडलेला नाही.

आपल्याकडे बहुतेकांची हाडं चितेवर जातात. आगीत हाड आधी काळं, मग राखाडी आणि शेवटी पांढरं पडतं, आणि तोवर डीएनए संपलेला असतो. स्ट्रॉन्शियम मात्र जळत नाही. इंग्लंडातल्या स्टोनहेंजला पुरलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वी दहन केलेल्या २५ जणांच्या हाडांतून २०१८ साली कळलं की त्यातले १० तरी त्या परिसरात राहणारे नव्हते.

नाव मात्र हाडात कुठंच नसतं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत सापडलेलं हाताचं हाड १६२४ साली शिराझला मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीचं मानलं जातं. हैदराबादच्या प्रयोगशाळेनं आईकडून येणारा डीएनए तपासला. तो वंश भारतात आढळत नाही, जॉर्जियाकडे आढळतो, एवढं हाडानं सांगितलं. राणीचे अवशेष या चर्चमध्ये आहेत, हे पोर्तुगीज कागदांनी. कुरुळीच्या सांगाड्यालाही असाच दुसरा साक्षीदार लागेल. महामार्गाच्या पट्ट्यात ‘पायात रॉड आहे’ असं सांगणारे ढिगानं भेटतात, आणि त्या रॉडवर कंपनीचा शिक्का आणि नंबर असला तर शस्त्रक्रिया झालेल्या दवाखान्यापर्यंत जाता येतं. नाहीतर बेपत्तांच्या नोंदीतून घर शोधायचं आणि घरच्यांचं रक्त घ्यायचं. आई-वडील असले तर उत्तमच. नसले आणि हाड इतकं जुनं की फक्त आईकडचाच डीएनए शिल्लक आहे, तर नात्यांची वर्गवारी विलक्षण होते. सख्खी भावंडं चालतात, आजी फक्त आईची आई, मावशी चालते, मामा चालतो. मावसभाऊ चालतो, पण मामेभाऊ नाही, कारण त्याच्यात मामीचा वंश उतरलेला असतो. काका, आत्या आणि त्यांची पोरं यांच्या रक्ताचा इथं काही उपयोग नाही.