मोबाईलवर गाण्याचा व्हिडिओ एडिट करताय? आधी गाणं टाका, मग चित्र

गारखेडा (छत्रपती संभाजीनगर) : पैठण, सिल्लोड, कन्नडकडची पोरं शिकायला येऊन गारखेडा परिसरात रूम करून राहतात. त्यात कुणी गाणारं असतं, कुणी ढोलकी वाजवणारं, एखाद्याचा मोबाईल बरा असतो. मग गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरतं. शूटिंग दिवसभरात उरकतं, पण गाडी अडते एडिटिंगला. ओठ एकीकडे अन् आवाज दुसरीकडे असला की बघणारा लगेच पुढं सरकवतो.

ही गडबड बहुतेक वेळा उलट्या क्रमामुळे होते. आधी क्लिपा जोडायच्या अन् शेवटी त्यावर गाणं चिकटवायचं, असं केलं की मेळ बसत नाही. काईनमास्टर, इनशॉट, यूट्यूब क्रिएट, कोणतंही ॲप घ्या. पूर्ण गाणं सगळ्यात आधी टाकायचं. ते गाणं वेगळं रेकॉर्ड केलेलं हवं. बंद खोलीत भिंतीला गोधड्या लटकवल्या तर घुमणारा आवाज बराच कमी होतो. शूटिंगला तेच गाणं स्पीकरवर मोठ्यानं लावायचं, गाणाऱ्यानं त्यासोबत खरंच गायचं आणि प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवायची.

क्लिपमध्ये आलेला स्पीकरचा आवाज मूळ गाण्याशी जुळवला की ओठ जुळतात. मग क्लिपचा आवाज बंद करायचा. मात्र क्रीडा संकुलासारख्या मोकळ्या मैदानात लांबून शूट केलं तर इथेही फसगत होते. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. गाणारा अन् स्पीकर 30 मीटरवर असतील, तर मोबाईलपर्यंत आवाज सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाइतका उशिरा पोचतो. म्हणजे 30 फ्रेमच्या व्हिडिओत जवळपास तीन फ्रेम. अशी क्लिप तीन फ्रेम पुढे, म्हणजे उशिराकडे सरकवायची आणि शेवटी डोळ्यांनी ओठ बघूनच ठरवायचं. हे तपासताना ब्लूटूथ हेडफोन नको, त्यात आवाज उशिरा येऊ शकतो. साधा वायरचा इअरफोन बरा.

बऱ्याच मोबाईलच्या व्हिडिओत फ्रेमचा वेग सारखा राहत नाही, म्हणून लांब शॉट हळूहळू सरकू शकतो. तो दोन-तीन ठिकाणी कापून पुन्हा जुळवला की काम होतं.

कट ठेक्यावर मारायचा. मिनिटाला 100 ठोके असतील तर दर 18 फ्रेमला एक ठोका येतो. पण प्रत्येक ठोक्याला कट मारला की डोळे दुखतात! गाणाऱ्याचा चेहरा बोलका असेल तर त्याला राहू द्यावं.

खरा फटका बसतो तो गाण्याच्या निवडीत. तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, पण एखाद्या गायकानं अलीकडे गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग कंपनीचं असतं. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क 60 वर्षं राहतो. कराओके ट्रॅकही कुणीतरी बनवलेलाच असतो. यूट्यूबची यंत्रणा असा आवाज आपोआप ओळखू शकते. मग व्हिडिओ बंद होतो, नाहीतर त्याची कमाई मालकाकडे जाते. खाली ‘क्रेडिट’ लिहून सुटका होत नाही. स्वतः लिहिलेलं गाणं, नाहीतर अभंग-ओव्या घेऊन चाल आणि वाद्यं आपलीच ठेवली तर ही भीती राहत नाही.

तयार व्हिडिओ गावाकडं पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जाऊन चित्र फुटतं. मूळ क्लिपा मात्र लगेच उडवू नका. फुल एचडी शूटिंग मिनिटाला शंभर एमबीच्या पुढंही जातं, मोबाईल भरतो, हे खरं. त्या पेनड्राइव्हवर घ्या, कारण एखादी चूक बहुतेकदा अपलोड केल्यावरच दिसते.