वेगळी काडी दिसली, तर कात्री थांबवा

सोलापूरहून बार्शी रस्त्याने निघाले की नान्नज लागते. परगावचा माणूस इथे माळढोक बघायला येतो. द्राक्ष बागायतदार मात्र काळे यांची बाग विचारत येतो.

नानासाहेब काळे यांच्या बागेत थॉमसन सीडलेस होती. त्यात लांबट मण्यांचे वेगळे घड त्यांच्या नजरेत भरले. दुसरा कुणी "खत जास्त झालं असेल" म्हणून सोडून देता. काळे यांनी त्या काड्या जपल्या, वाढवल्या. हीच 'सोनाका': सोलापूर, नान्नज आणि काळे यांची पहिली अक्षरे! पुढे काळ्या किशमिश चोर्नीतून 'शरद सीडलेस' आली. सरिता, नानासाहेब पर्पल हे वाणही याच घराण्याचे. सांगली जिल्ह्यात वसंतराव आर्वे यांना 'तास-ए-गणेश' असाच थॉमसनमध्ये सापडला.

हे घडते कसे? वेलीच्या एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो. त्यातून फुटलेली काडी वेगळे फळ देते आणि कलमाने तो गुण टिकतो. युरोपात वाइनसाठी नावाजलेले पिनो ग्री हे द्राक्षही पिनो न्वारच्या वेलीतूनच असे निघाले.

पण प्रत्येक लांब मणी म्हणजे नवा वाण नव्हे. जिबरेलिक आणि खतानेही मणी फुगतो. म्हणून अशी काडी दिसली की तिला रंगीत चिंधी बांधा. छाटणीला आलेल्या मजुरांनाही सांगून ठेवा. दोन-तीन हंगाम पाहा, चार वेलींवर कलम करा. गुण तिथेही उतरला, तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्या.

आता मुख्य मुद्दा. काडी शेजाऱ्याला दिली की ती गावोगाव जाते, पण शोधणाऱ्याचे नाव मागे राहते. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. त्यासाठी त्याला फी नाही. द्राक्षवेलीला 18 वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकते. अर्जावर पंचायतीच्या जैवविविधता समितीची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्यांची शिफारस चालते. म्हणजे हे काम गावातूनच सुरू होते. सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मंडळींनी ही समिती कागदावर न ठेवता जागी ठेवावी.

पुढचा सोनाका कुणाच्या बागेत लपला आहे, कुणी सांगावे? कात्री चालवण्याआधी वेलीकडे एकदा नीट बघा, एवढेच.