दोनशेला एक कमी

साकीनाक्याच्या मेट्रो स्थानकाखाली, जिथे अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची वाहने संध्याकाळी चालत नाहीत, नुसती गुरगुरतात, तिथे हँडलला विटलेल्या तिबेटी पताका बांधलेली एक उंच रॉयल एनफिल्ड हिमालयन रिक्षांच्या कोंडाळ्यात अडकलेली मी पाहिली. आणि हसू येण्याऐवजी मला तिचा हेवा वाटला, कारण तिचे एकवीस इंची पुढचे चाक ज्या खड्ड्यातून निर्विकारपणे बाहेर पडले, त्याच खड्ड्याने आदल्या आठवड्यात माझ्या स्कूटरची रिम वाकवली होती.

या मत्सरापायीच २०२१ सालची, पहिल्याच मालकाकडची एक हिमालयन पाहण्यास मी खैराणी रोडच्या एका गल्लीत गेलो. ४११ सीसीचे इंजिन आणि जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच उचललेला तळ, हे सारे मला नगरीच्या रस्त्यांवरचे एका सामान्य करदात्याचे खासगी उत्तर भासत होते.

जुनी गाडी घेण्यापूर्वी मिस्त्रीला दाखवावी, हा या व्यवहारातला शिरस्ता. मिस्त्री साठीच्या घरातले. त्यांच्या गॅरेजात जळक्या ऑइलचा आणि ओल्या पोत्यांचा संमिश्र दर्प कोंदलेला. चेन, टायर, स्पोक, ऑइल हे त्यांनी चहा निवेपर्यंत उरकले. मग पुढचे चाक अधांतरी उचलवून, डोळे मिटून, त्यांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत इतके हळू फिरवले, की वैद्याने नाडी पाहावी. मधोमध ते केसभर अडखळले. “हँडलचा कोनसेट गेलाय,” ते म्हणाले, आणि विक्रेत्याच्या किमतीतून तेवढी रक्कम तिथल्या तिथे वजा झाली.

परीक्षा संपली अशा समजुतीने मी चावीकडे हात नेला.

“चावी राहू द्या, साहेब. गाडी मागं ढकला. वजन ठाऊक आहे? दोनशेला एक कमी.”

तेल-पेट्रोलासह १९९ किलो! गल्ली किंचित चढाची होती. आठशे मिलिमीटर उंचीच्या आसनावरून जेमतेम चवडे टेकवीत मी ती चार हात मागे नेली, तोवर माझा सदरा पाठीला चिकटला आणि समोरच्या भंगारवाल्याचा पोरगा तोंड दाबून हसू लागला.

“इंजिनाचं काय, ते मनालीला जाऊन येईल,” मिस्त्री म्हणाले. “तुमचा डावा पाय रोज सिग्नलला दहा वेळा टेकणार, त्याचं बघा. दोनशेला एक कमी.”

पुढला मामला कागदोपत्री. हस्तांतराचे नमुने २९ व ३० भरून तयार होते; १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार विक्रेत्याने चौदा दिवसांत द्यावयाची वर्दीही तो देणार होता; परंतु कर्ज फिटल्याची ग्वाही देणाऱ्या त्या गृहस्थाच्या आरसीवर बँकेचा बोजा अद्याप शाबूत होता. नमुना ३५ वर बँकेची सही येऊन तो उतरेपर्यंत सौदा तहकूब आहे.

त्या मुदतीत मी रोज स्कूटरवरून साकीनाक्याच्या सिग्नलला थांबतो; आणि शेजारी एखादी उंच गाडी येऊन उभी राहिली, की तिच्या चाकाकडे न पाहता स्वाराच्या डाव्या पायाकडे पाहतो.