‘वऱ्हाड’ आणि ‘वाङ्मय’ : संगणकीय अक्षरजुळणीतील विशेष चिन्हांचा विचार

१. प्रास्ताविक

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूर या गावी एखाद्या अभ्यासकाने वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करून आणल्या आणि त्या संगणकावर उतरविण्यास आरंभ केला, अशी कल्पना करू. संकलनाच्या मुखपृष्ठावर त्याला ‘वऱ्हाडी’ हा शब्द लिहावयाचा आहे. तो र काढतो, त्याला हलन्त लावतो, पुढे ह काढतो. पडद्यावर ‘वर्हाडी’ असे उमटते. आपल्या प्रदेशाचे नाव चुकले आहे हे त्याला दिसते, पण योग्य आकृती कोठून आणावी हे त्याला ठाऊक नसते. थोडी शोधाशोध करून तो थकतो आणि ‘वर्हाडी’ तसेच राहू देतो. विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील प्रबंधांत अशा शरणागतीच्या खुणा पुष्कळ आढळतात.

प्रस्तुत लेखात अशी विशेष चिन्हे वर्ड प्रोसेसरमध्ये सुलभपणे उमटविण्याच्या रीतींचा विचार करावयाचा आहे. हा विषय केवळ टंकलेखकाचा आहे असा एक समज आपल्याकडे आहे. तो बरोबर नाही. चिन्ह मिळविणे जेव्हा अवघड असते तेव्हा लिहिणारा त्याच्यासारखे दिसणारे दुसरे चिन्ह वापरतो, आणि तेथेच संहिता भ्रष्ट होऊ लागते. म्हणून सुलभ रीतीचा प्रश्न हा संहिताशुद्धीचाच प्रश्न होय.

२. जुळाऱ्याची जबाबदारी अभ्यासकाकडे

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्या परंपरेतील जुळाऱ्यापुढे खिळ्यांच्या पेट्या मांडलेल्या असत. जोडाक्षरांचे खिळे निराळे असत आणि कोणता खिळा कोणत्या घरात आहे हे त्याच्या हाताला माहीत असे. लेखकाने हस्तलिखित द्यावे आणि जुळाऱ्याने व मुद्रितशोधकाने ते निभावून न्यावे, अशी ती व्यवस्था होती. आज अभ्यासक स्वतःच जुळारी झाला आहे. परंतु त्याच्या पेटीत कोणती घरे आहेत हे त्याला कोणी शिकविलेले नाही.

भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये पुढे आणला. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण ठरविली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरीही बराच काळ मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी फाँटांत जुळविला जात असे. त्यांत संगणक प्रत्यक्षात रोमन चिन्हेच साठवीत असे आणि फाँट त्यांना देवनागरीचे रूप देत असे. फाँट नसला की मजकूर निरर्थक होई. असा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर प्रथम तपासावयाच्या जागा म्हणजे पुढे चर्चिलेली अक्षरेच होत.

३. आकृती आणि संकेत

या संपूर्ण विषयाची किल्ली एका भेदात आहे. वाचकाला आकृती दिसते; संगणक संकेत साठवितो. दोन आकृती सारख्या दिसल्या तरी त्यांचे संकेत भिन्न असू शकतात आणि संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द ठरतात. चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण ‘दुःख’ या शब्दाचे. विसर्गाऐवजी अपूर्णविराम देऊन हा शब्द सर्रास लिहिला जातो. कागदावर भेद क्वचितच जाणवतो. परंतु एखाद्या कवीच्या समग्र कवितेत ‘दुःख’ किती वेळा आला हे मोजू गेल्यास अपूर्णविराम असलेले शब्द त्या मोजणीतून गळतात. शब्दसूचीवर आधारलेला निष्कर्ष अशा वेळी नकळत चुकतो.

दुसरे उदाहरण आपल्या अभ्यासविषयाच्या नावाचेच, म्हणजे ‘वाङ्मय’. यातील ङ हे कंठ्य अनुनासिक आहे. ते न सापडल्याने ड ला हलन्त लावून ‘वाड्मय’ लिहिले जाते. येथे आकृती व संकेत दोन्ही चुकतात.

तिसरे उदाहरण ‘ॲ’ या स्वराचे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये प्रमाण केलेल्या वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान आहे. मराठी वळणाच्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वी आणि नंतरही अ वर चंद्र देऊन हे अक्षर तयार केले जाते. दोन्ही रूपे दिसावयास सारखी, परंतु एक म्हणजे एक संकेत आणि दुसरे म्हणजे दोन संकेत. युनिकोडने दुसरी रीत टाळावी असेच सांगितले आहे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे ‘वऱ्हाड’मधील अर्धा र. हा र मराठीत य व ह यांच्यापूर्वी येतो आणि अर्थभेद घडवितो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यास’ दक्षिणा दिली तर ती गुरूला, ‘आचाऱ्यास’ दिली तर स्वयंपाक्याला. तत्सम शब्दांत रफार असतो व मागील अक्षरावर आघात पडतो. ‘आचारी’, ‘दरी’, ‘वारा’ यांसारख्या शब्दांच्या रूपांत तसा आघात पडत नाही. म्हणजे या चिन्हामागे एक ध्वनिनियम उभा आहे.

युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतील एका र-ध्वनीच्या लिप्यंतरासाठी आहे. मराठीने त्याचे अर्धे रूप आपल्या कामी आणले. ऱ नंतर हलन्त दिला की पुढील अक्षराशी हा अर्धा र जुळतो. र, हलन्त आणि त्यानंतर अदृश्य ‘जोडचिन्ह’ दिल्यानेही हीच आकृती मिळते. ही दुसरी रीत जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे. एका प्रकरणात पहिली आणि दुसऱ्यात दुसरी रीत वापरल्यास एकाच प्रबंधात दोन प्रकारचे ‘वऱ्हाड’ नांदू लागतात आणि शोध घेताना एकच हाती लागतो.

४. सुलभ रीती

सर्वसाधारणपणे अभ्यासक ‘इन्सर्ट’ यादीतील ‘सिम्बॉल’ची चौकट उघडून चिन्ह हुडकतात. ही रीत संथ आहेच, शिवाय धोक्याचीही आहे. त्या चौकटीत ळ च्या शेजारीच ऴ बसलेला असतो. तो तमिळ-मल्याळमच्या ध्वनीसाठी आहे, मराठीसाठी नव्हे. घाईत तोच निवडला जातो. या चौकटीहून सोप्या चार रीती उपलब्ध आहेत.

(अ) कळफलक. अडचणीची वाटणारी बहुतेक अक्षरे इन्स्क्रिप्टवर आधीच आहेत. ‘जे’ या कळीवर र असून शिफ्टसह ऱ मिळतो. ‘यू’ या कळीवर ह असून शिफ्टसह ङ मिळतो. संयोगरेषेच्या कळीवर शिफ्टसह विसर्ग आहे. हलन्तासाठी ‘डी’ ही कळ. ‘वऱ्हाड’ लिहिताना व, शिफ्टसह ‘जे’, ‘डी’ आणि मग ह, काना, ड असा क्रम ठेवावा. एवढ्या चार जागा हाताला बसल्या की निम्मी अडचण दूर होते.

(आ) संकेतांकाची रीत. विंडोजवरील वर्डमध्ये चिन्हाचा संकेतांक इंग्रजी अंकांत टंकून लगेच ऑल्ट व एक्स या कळी एकत्र दाबल्यास त्या जागी चिन्ह उमटते. ऱ साठी ०९३१, ॲ साठी ०९७२, विसर्गासाठी ०९०३ हे अंक लक्षात ठेवण्याजोगे आहेत. अवग्रहासाठी ०९३ नंतर इंग्रजी डी हे अक्षर, अदृश्य जोडचिन्हासाठी २०० नंतर डी आणि जोड तोडणाऱ्या चिन्हासाठी २०० नंतर सी. हे शेवटचे चिन्ह ‘वाङ्मय’सारख्या शब्दात हलन्त सुटा दाखवावयाचा असल्यास उपयोगी पडते. अंक देवनागरी असल्यास ही रीत चालत नाही. लिब्रेऑफिस रायटरमध्येही याच कळी चालतात.

या रीतीचा उलट उपयोग अधिक मोलाचा आहे. संशयित चिन्हानंतर कर्सर ठेवून त्याच कळी दाबल्या की चिन्हाचा संकेतांक दिसतो. ‘दुःख’मध्ये विसर्ग आहे की अपूर्णविराम, याचा निवाडा डोळ्यांनी होत नाही, येथे तो क्षणात होतो. पुन्हा त्याच कळी दाबल्या की चिन्ह पूर्ववत होते.

(इ) स्वतःची कळ. वर्डमधील ‘सिम्बॉल’च्या चौकटीतच एखाद्या चिन्हाला आपल्या पसंतीची कळजोडी नेमून देण्याची सोय आहे. चौकट एकदाच उघडावी, नेमणूक करावी आणि पुन्हा तिकडे फिरकू नये. वारंवार लागणाऱ्या पाच-सात चिन्हांसाठी हा मार्ग उत्तम.

(ई) स्वयंदुरुस्ती. ‘ऑटोकरेक्ट’मध्ये ‘वाड्मय’ हा चुकीचा शब्द नोंदवून त्यापुढे ‘वाङ्मय’ लिहून ठेवल्यास दुरुस्ती आपोआप होते. मात्र ही सोय पूर्ण शब्दापुरती आहे. ‘वाड्मयीन’, ‘वाड्मयाचा’ अशी विभक्तिप्रत्यय व साधित रूपे तीत आपोआप येत नाहीत. ती स्वतंत्र नोंदवावी लागतात.

५. बोली आणि जुनी संहिता

बोलीच्या संकलकाला याहून सूक्ष्म चिन्हे लागतात. मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत, पण लेखनात ते एकच. ‘चार’ या संख्यावाचकातील च आणि गुरांच्या ‘चारा’तील च भिन्न आहेत. उच्चार नोंदवावयाचा असल्यास दंततालव्य च खाली नुक्ता देऊन च़ असा दाखविता येतो. इन्स्क्रिप्टवर नुक्ता चौकोनी कंसाच्या बंद होणाऱ्या कळीवर आहे. कोणते चिन्ह कोणत्या उच्चारासाठी योजले आहे हे संकलनाच्या आरंभी चिन्हसूचीत सांगणे अगत्याचे ठरते.

येथे स्वयंदुरुस्तीबाबत सावधगिरी हवी. वऱ्हाडी बोलीत अनेक ठिकाणी ळ च्या जागी य येतो; ‘डोळा’चा ‘डोया’, ‘काळा’चा ‘काया’ होतो. चतुर्थीचा प्रत्यय ‘ले’ असल्याने ‘मला’ऐवजी ‘मले’ ऐकू येते. प्रमाणभाषेसाठी नोंदविलेल्या दुरुस्त्या चालू असतील तर ओवी म्हणणाऱ्या बाईने उच्चारलेला शब्द तिच्या अपरोक्ष बदलला जाईल आणि संकलकालाही ते कळणार नाही. बोलीचा मजकूर टंकताना ही सोय बंद ठेवावी हेच इष्ट.

मेहकर व लोणार ही याच जिल्ह्यातील गावे महानुभाव वाङ्मयात येतात. त्यामुळे येथील अभ्यासकाला पोथ्यांशीही काम पडते. जुन्या पोथ्यांतील पृष्ठमात्रेला युनिकोडमध्ये २००९ साली, तर मोडी लिपीला २०१४ साली स्थान मिळाले. म्हणजे पोथीतील मात्रा आधुनिक वळणावर आणूनच छापावी लागेल, ही सबब आता उरलेली नाही. आधुनिक वळण स्वीकारावयाचे असल्यास तो संपादकीय निर्णय म्हणून नोंदवावा. कळफलकाची अडचण म्हणून नव्हे.

याउलट काही भेद संकेताचे नसून केवळ फाँटाचे असतात. मराठी वळणाचे ल व श आणि हिंदी वळणाचे ल व श यांचा संकेत एकच आहे. ते चिन्हांच्या चौकटीत शोधणे व्यर्थ होय. त्यासाठी मराठी वळणाचा फाँट निवडावा, किंवा फाँटात सोय असल्यास मजकुराची भाषा मराठी अशी नेमावी.

६. समारोप

वरील विवेचनातून एक व्यावहारिक शिस्त सुचविता येते. प्रबंधाचे पहिले पान टंकण्यापूर्वी प्रत्येक विशेष अक्षरासाठी एकच संकेत ठरवावा व अखेरपर्यंत तो पाळावा. अर्ध्या र साठी ऱ व हलन्त, ॲ साठी स्वतंत्र अक्षर, विसर्गासाठी विसर्गच. काम संपल्यावर ‘दुःख’, ‘वाङ्मय’, ‘वऱ्हाड’ हे शब्द शोधून पाहावेत. अपेक्षित असलेली एखादी जागा सापडली नाही, तर तेथे निराळा संकेत दडलेला आहे असे समजावे. मार्गदर्शक अध्यापकांनी संदर्भसूची तपासावी तशी ही तपासणीही करावी.

अमडापूरच्या त्या अभ्यासकाने टिपलेली ओवी उद्या तिचे शब्द देऊन कोणी शोधू लागेल. गाणारी त्या वेळी असेलच असे नाही. तिने उच्चारलेला शब्द संगणकात त्याच्या खऱ्या संकेताने साठविलेला असेल, तरच तो सापडेल.