रॅमच्या पट्टीवरचे तपकिरी ठिपके कशासाठी?



शाळेच्या संगणक कक्षात एक जुना संगणक बंद पडून होता. आठवीच्या मुलांना आतले भाग दाखवायचे म्हणून तो उघडला. रॅमची पट्टी हातोहात फिरली. काळ्या चिप मोजून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, हे तिळाएवढे तपकिरी ठिपके कसले?" मी म्हणालो, "कपॅसिटर आहेत, वीज साठवतात." त्यावर तिचा लगेच दुसरा प्रश्न, "पण वीज तर येतेच आहे ना, मग साठवायची कशाला?" मला नीट सांगता आलं नाही. घरी येऊन वाचलं, तेच इथे मांडतो.

विहिरीवरची मोटर सुरू केली की घरातला जुना पिवळा बल्ब क्षणभर मंद होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोटर सुरू होताना एकदम खूप विद्युतधारा ओढते आणि तेवढ्यापुरतं व्होल्टेज खाली जातं. रॅमच्या चिपमध्ये हेच सेकंदाला कोट्यवधी वेळा घडतं. हजारो स्विच एकाच क्षणी उघडतात-मिटतात, आणि पुरवठ्याचं व्होल्टेज थरथरतं. याला पॉवर सप्लाय नॉइज म्हणतात. नॉइज म्हटलं तरी कानाला काही ऐकू येत नाही बरं का!

थरथरलं तर थरथरलं, बिघडतं काय? समजा, एका मुलाचे ३५ गुण रॅममध्ये आहेत. द्विमान पद्धतीत ३५ म्हणजे १०००११. यातला शेवटचा १ चुकून ० वाचला गेला तर होतात १०००१०, म्हणजे ३४. पास झालेलं पोर नापास! एका बिटची ही किंमत.

आणि हा बिट असतो फार नाजूक. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ सालचं. कपॅसिटरमध्ये प्रभार असेल तर १, नसेल तर ०. पण हा प्रभार गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. वाचताना तारेवर जो फरक दिसतो, तो एका व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा फरकावरून निवाडा करायचा असताना पुरवठाच हलला तर चूक व्हायला वेळ लागत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. वीज येतेच आहे, मग अडतं कुठे? अडतं तारेत. प्रत्येक तार विद्युतधारेतल्या अचानक बदलाला विरोध करते. दहावीला विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवतो, त्यातलाच हा प्रकार. हा गुण नॅनोहेन्रीत मोजतात, आणि ढोबळमानाने एक मिलिमीटर बारीक तार म्हणजे एक नॅनोहेन्री. अशा एका मिलिमीटरमधून धारा एका नॅनोसेकंदात फक्त ०.१ अँपिअरने वाढली, तरी ०.१ व्होल्ट तारेतच अडकतात. डीडीआर४ रॅम चालते १.२ व्होल्टवर आणि तिला वर-खाली फक्त ०.०६ व्होल्टची सूट असते. म्हणजे एका मिलिमीटरमध्येच मर्यादा ओलांडली, आणि वीज तर मदरबोर्डवरून कितीतरी सेंटिमीटर लांबून यायची!

यावर उपाय आपल्या न्हाणीघरातलाच आहे. इमारतीत सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की धार बारीक होते, पण आपली बादली भरलेली असेल तर आंघोळ थांबत नाही. ते तपकिरी ठिपके म्हणजे चिपच्या दाराशी भरून ठेवलेल्या बादल्या. ०.१ मायक्रोफॅरडचा ठिपका घ्या. त्याने १० नॅनोसेकंद ०.१ अँपिअर धारा पुरवली, तरी त्याचं व्होल्टेज फक्त ०.०१ व्होल्टने उतरतं. तेवढ्या वेळात मागून पुरवठा येऊन पोचतो आणि बादली पुन्हा भरते. बादली हाताशी हवी, अंगणात ठेवून उपयोग नाही. म्हणूनच हे ठिपके चिपला अगदी खेटून बसवतात. काही कपॅसिटर तर चिपच्या पोटातच असतात.

डीडीआर५ मध्ये (हे मानक २०२० साली आलं) टाकीच जवळ आणली. १.१ व्होल्ट तयार करणारी चिप मदरबोर्डवरून उचलून थेट रॅमच्या पट्टीवर बसवली.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र निराळीच आहे, मुळात धाराच कमी ओढायची. डीडीआर४ मध्ये तारेवर ० पाठवताना धारा लागते, १ पाठवताना जवळजवळ नाही. मग आठ तारांवर पाचपेक्षा कमी शून्यं असतील तर माहिती तशीच जाते; पाच किंवा जास्त असतील तर सगळे बिट उलटे करून पाठवतात आणि "उलटं वाचा" हे एका नवव्या तारेवर सांगतात. ०००००००१ जातं १११११११० होऊन. वर्गात नऊ मुलं उभी करून हात वर-खाली करायला लावा, दहा मिनिटांत कळतं.

कपॅसिटर दाखवायचा असेल तर ९ व्होल्टची बॅटरी, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, १ किलोओहमचा रोधक आणि एक एलईडी आणा. एलईडी आणि रोधक एकामागे एक जोडा, कपॅसिटर बॅटरीच्या दोन टोकांना जोडा. पट्टा असलेली बाजू ऋण टोकाला, उलटं जोडू नका. बॅटरी काढल्यावर एलईडी झटकन न विझता हळूहळू मंदावतो. रॅमवरचा ठिपका याच्या दहा हजारपट लहान, असं मग मुलांना सांगा.

एक सूचना. संगणक उघडून दाखवताना पॉवर सप्लायची लोखंडी पेटी मात्र उघडू नका आणि मुलांनाही उघडू देऊ नका. प्लग काढल्यानंतरही तिच्यातले मोठे कपॅसिटर भरलेले असू शकतात आणि जोराचा झटका बसतो.